हिंगूळ आणि १४४ पानं
अक्षरजुळणी घरच्या घरी : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण फॉन्ट बसवला, मजकूर ओतला आणि पहिली पीडीएफ काढली. या वेळी पानाकडे बघू. माझ्या टेबलावर सध्या पिरंगुटमधल्याच एका निवृत्त गुरुजींचं पुस्तक आहे. भाताची खाचरं, घाटातल्या बैलगाड्या आणि १९२१ साली सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहाबद्दल घरात ऐकलेलं बरंच काही. आकार डेमी, म्हणजे १४० बाय २१६ मिलिमीटर. जुळणी माझ्या घरी आणि छपाई पुण्यात पेठेत. प्रूफ दाखवायचं म्हटलं की घाट ओलांडून भुकूम, भूगाव, चांदणी चौक असा सगळा ट्रॅफिक अंगावर घ्यायचा. त्यामुळे घरून निघण्याआधी फाइल तीनदा तपासायची सवय लागली आहे.

आपण वापरतो त्या लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीतला ‘बुक’ हा तयार साचा अमेरिकी कागद आणि रोमन लिपी गृहीत धरून बेतलेला आहे. त्यात नवल नाही. १९७७ साली डोनाल्ड नूथ यांना स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं बघवली नाहीत आणि त्या वैतागातून त्यांनी टेक, म्हणजे लाटेकच्या पोटातली मूळ प्रणाली, लिहायला घेतलं. त्यांच्या डोळ्यांसमोर इंग्रजी आणि गणित होतं. रफारावरच्या अनुस्वाराचा विचार त्यांनी कशाला करावा? तो आपण करायचा.

कागदाचं माप आणि समास ‘जॉमेट्री’ नावाच्या पॅकेजात दोन ओळींत सांगता येतात. मी बांधणीकडचा समास २० मिलिमीटर आणि बाहेरचा १७ ठेवला. परफेक्ट बाइंडिंगचं पुस्तक पूर्ण उघडत नाही, म्हणून आतली बाजू सढळ हवी. मजकुराची उंची १७० मिलिमीटर. इथवर काम सरळ होतं.

पुढे ओळींनी घोळ घातला. आयआयटी मुंबईचा विनामूल्य मिळणारा शोभिका फॉन्ट १२ पॉइंटात घेतला आणि दोन ओळींमधलं अंतर १५ पॉइंट ठेवलं. लाटेक स्वतःहून साडेचौदा देतं, तेव्हा १५ म्हणजे मला औदार्यच वाटलं होतं. छापून पाहिलं तर पान दातांत फटी असल्यासारखं. काही ओळी चिकटून, काही उगाच लांब. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. टेक प्रत्येक ओळीला एक पेटी समजतं. वरच्या पेटीचा सगळ्यात खाली उतरलेला भाग आणि खालच्या पेटीचा सगळ्यात वर चढलेला भाग, यांची बेरीज ठरलेल्या अंतरात मावली तर ठीक. नाही मावली, तर ते अंतर बाजूला ठेवून टेक दोन पेट्यांमध्ये १ पॉइंटाची फट सोडतं आणि पुढे जातं. वरच्या ओळीत ‘शत्रू’ आला, खालच्या ओळीत ‘मूर्तीं’ आलं, की ओळ ढकलली जाते. ते दोन शब्द एकमेकांच्या डोक्यावर नसले, एक डाव्या टोकाला आणि दुसरा उजव्या टोकाला असला, तरीही! इंग्रजीत हा प्रसंग क्वचित येतो. मराठीत पानात चार वेळा.

टेकला ‘फट सोडू नकोस’ असं बजावता येतं. पण मग ऊकार खरोखरच खालच्या वेलांटीत घुसतो. खरा इलाज एकच, अंतर वाढवायचं. खिळ्यांच्या काळात जुळारी ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या सारायचे. आपण आकडा बदलतो, एवढाच फरक. मी १७ केलं आणि पान शांत झालं.

शांततेचं बिल मात्र आलं. १५ वर पानात ३२ ओळी बसत होत्या, १७ वर २८ बसू लागल्या. १२८ पानांचं पुस्तक १४६ पानांवर गेलं. डेमीचा फर्मा, म्हणजे दोन्ही बाजूंनी छापून घडी घालायचा एक कागद, १६ पानांचा. १२८ म्हणजे नेमके ८ फर्मे होते. १४६ म्हणजे ९ फर्मे आणि वर दोन लोंबकळणारी पानं. त्या दोन पानांसाठी दहावा फर्मा कोण लावणार? उत्तर समासात सापडलं. १७ पॉइंटांची एक ओळ म्हणजे जवळपास ६ मिलिमीटर. तेवढी जागा खालच्या समासातून काढली, पानात २९ ओळी केल्या, आणि पुस्तक १४१ वर आलं. ९ फर्म्यांची १४४ पानं, तीन शिल्लक. गुरुजींनी तिथे लगेच मुळशी धरणात बुडालेल्या गावांची यादी टाकली.

आता रंग. आपल्या पोथ्यांत मजकूर काळा, आणि दंड, श्लोकांचे आकडे, अध्यायसमाप्ती लाल असायची. हा लाल हिंगुळाचा. चूक झाली की तिच्यावर पिवळा हरताळ फासायचे. वाक्प्रचार तिथूनच आला. मी रंगाचं नावच ‘हिंगूळ’ ठेवलं. लाटेकच्या झीलाटेक या युनिकोड जाणणाऱ्या रूपात असं देवनागरी नाव चालतं. रंग एकदाच वर ठरवायचा आणि पुढे सगळीकडे नावानेच बोलवायचा, म्हणजे छटा बदलायची तर एकच ओळ बदलावी लागते. रंग महिरपी कंसांत कोंडायला मात्र विसरू नका. एक कंस राहिला आणि माझी पुढची सगळी पानं लाल झाली होती.

दुसरी चूक जास्त महाग पडली असती. शुद्ध काळा डोळ्यांना टोचतो असं कुठेतरी वाचून मी मजकुराला पडद्याच्या रंगपद्धतीतला गडद करडा दिला होता. छापखान्यातल्या माणसाने फाइल उघडली आणि म्हणाला, “तुमचा काळा चार प्लेटांवर आलाय.” निळा, मॅजेंटा, पिवळा आणि काळा, चौघे मिळून एक शिरोरेषा काढणार! रजिस्टर, म्हणजे प्लेटांचा एकमेकींशी मेळ, केसभर हललं की त्या बारीक रेषेला रंगीत सावली पडते. साच्याचा मूळ काळा एकाच प्लेटवर येतो. मी तो परत आणला.

लाल सगळ्या प्रकरणांना द्यायचा होता. ९ फर्मे, दोन बाजू, म्हणजे १८ प्लेटा. प्रत्येक बाजूला दुसरा रंग म्हणजे ३६. तो विचार सोडला. लाल फक्त पहिल्या फर्म्यात ठेवला, शीर्षकाच्या पानावर आणि अनुक्रमणिकेच्या आकड्यांना. तेही ही सगळी पानं कागदाच्या एकाच बाजूला येतील अशी मांडली, म्हणजे एकच जादा प्लेट. चार रंगांतून लाल बनवायचा तर मॅजेंटा आणि पिवळा अशा दोन प्लेटा लागतात. त्यावर छापखान्याची जुनी युक्ती आहे. फाइलीत मॅजेंटा १०० टक्के, बाकी तिन्ही शून्य द्यायचे आणि यंत्रात मॅजेंटाच्या जागी तयार लाल शाई भरायची. तसं केलं, आणि शेवटची पीडीएफ गुरुजींच्या फोनवर पाठवली.

दहा मिनिटांत फोन.

“अरे, पुस्तक माझं आहे की लग्नपत्रिका? हे गुलाबी काय केलंस?”

“गुरुजी, ते छापल्यावर लाल होणार.”

“मग नाव हिंगूळ कशाला सांगितलंस मला? गुलकंद सांगायचं.”