बोट काढा, होल्डर लावा

गुरुग्रामच्या एखाद्या दातांच्या दवाखान्यात एक्स-रे यंत्र बसलं की त्याची नोंदणी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे करावी लागते. मंडळाचं मुख्यालय मुंबईत, अणुशक्तीनगरला. आता यंत्र नोंदवता येतं, पण ते हाताळणाऱ्या मदतनीस मुलीचं काय? अनेकदा ती पाहून पाहूनच शिकते. खरी मेख इथेच आहे, कारण हाताळण्यातली चूक महागात पडते.

न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स या दंतवैद्यानं 1896 मध्येच दातांचे एक्स-रे काढायला सुरुवात केली. एक्स-रेची नळी जुळवताना तो स्वतःचाच हात किरणांसमोर धरी. पुढे बोटं गेली, मग हात गेला. 1928 मध्ये त्यानं जीवन संपवलं.

आज एका छोट्या एक्स-रेचा डोस साधारण दिवसभरात निसर्गातून मिळतो तेवढाच असतो. रुग्णानं घाबरू नये. मदतनिसाचं गणित मात्र वेगळं, कारण ती रोज तिथेच असते. म्हणून फिल्म किंवा सेन्सर तिनं बोटानं धरायचा नाही, होल्डर वापरायचा. बटण दाबताना आडोशामागे, नाहीतर निदान दोन मीटर लांब आणि किरणांच्या वाटेच्या बाजूला उभं राहायचं. अंतर दुप्पट केलं की किरणांची तीव्रता चौथाई होते. शिसं लागत नाही, पैसा लागत नाही.

आणि कोन चुकला की एक्स-रे पुन्हा काढावा लागतो, म्हणजे रुग्णाचा डोस थेट दुप्पट. त्यामुळे माझ्या मते शिकवणीचा बराचसा वेळ प्लास्टिकच्या जबड्यावर होल्डर बसवण्यातच जावा.