पदव्यांची ओळख – भाग ६ : बाबासाहेबांच्या नावापुढची अक्षरे

गेल्या आठवड्यात आपण वर्गात शिकून, परीक्षा देऊन मिळणाऱ्या पदव्युत्तर पदव्या पाहिल्या. आता संशोधनाच्या पदव्यांकडे वळू. त्या समजून घ्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावापुढच्या ओळीपासून सुरुवात करणे मला सर्वांत योग्य वाटते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ, एलएल.डी., डी.लिट. जयंतीच्या फलकावर ही ओळ आपण एका दमात वाचतो आणि पुढे जातो. जरा थांबून वाचली, तर पदव्यांचे किती प्रकार असतात ते तिथेच कळते.

बार-अ‍ॅट-लॉ ही विद्यापीठाची पदवी नव्हे. लंडनच्या ग्रेज इनमधून मिळालेली ती बॅरिस्टरी. शेवटच्या दोन पदव्या मानद आहेत : एलएल.डी. कोलंबिया विद्यापीठाने १९५२ मध्ये दिली, डी.लिट. उस्मानियाने १९५३ मध्ये. त्यांसाठी प्रबंध लागत नाही, माणसाच्या आयुष्यभराच्या कामाचा तो गौरव असतो. उरलेल्या चार पदव्यांपैकी १९१५ ची कोलंबियाची एम.ए. मागच्या भागात येऊन गेली.

एम.एस्सी. म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळा येते. बाबासाहेबांची १९२१ ची लंडनची एम.एस्सी. मात्र अर्थशास्त्रातली आणि प्रबंध लिहून मिळवलेली. विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सरकारी वित्ताचे प्रांतिक विकेंद्रीकरण. म्हणजे ही डॉक्टरेटच्या अलीकडची, संशोधनाचा हात बसवणारी पायरी. आपल्याकडे हे काम एम.फिल. करत असे : दीड-दोन वर्षे, थोडे कोर्सवर्क, एक छोटा प्रबंध. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी ती बंद झाली. मला हा निर्णय पटलेला नाही. तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुलीला संशोधन आपल्याला झेपते का, आवडते का, हे कमी वेळात आणि कमी पैशांत अजमावता येत होते. आता तिने थेट पीएच.डी.ला उडी घ्यायची. किमान तीन वर्षे, कमाल सहा. स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळते, पण ती सवलत पायरीची जागा घेत नाही.

डी.एस्सी.ची हकीकत मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. रुपयाच्या प्रश्नावरचा तो प्रबंध परीक्षकांनी फेरमांडणीसाठी परत पाठवला. बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहून दिला आणि १९२३ मध्ये पदवी मिळाली. पुढे तो पुस्तकरूपाने आला तेव्हा त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तिच्यातच लेखकाशी असलेले आपले मतभेद नोंदवले. गाइडला न पटणारा निष्कर्ष आणि तरीही त्या पुस्तकाला गाइडची प्रस्तावना! ‘सरांना काय आवडेल’ या धास्तीने सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांनी हे पुस्तक एकदा हातात घ्यावे. प्रबंधाला मान्यता म्हणजे सहमती नव्हे. पुरावे आणि युक्तिवाद भक्कम आहेत, एवढीच ती ग्वाही.

आज भारतात डी.एस्सी., डी.लिट. मानद नसतील, तर त्या बहुधा पीएच.डी.च्या पुढच्या असतात. गाइड नसतो. वर्षानुवर्षांचे स्वतंत्र, प्रकाशित काम परीक्षकांपुढे ठेवायचे. मोजक्याच विद्यापीठांत ही सोय आहे.

राहिली पीएच.डी. बाबासाहेबांनी न्यूयॉर्क सोडले १९१६ मध्ये आणि कोलंबियाची पीएच.डी. हाती आली १९२७ मध्ये. तिथे तेव्हा प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात दाखल केल्याशिवाय पदवी मिळत नसे. प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरचे ते पुस्तक १९२५ मध्ये लंडनमध्ये छापले गेले. संशोधन लोकांपुढे आलेच पाहिजे, हा त्या नियमामागचा आग्रह. आपल्याकडे आता छापण्याची सक्ती नाही, पण प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर चढवावा लागतो आणि तो कुणालाही फुकट वाचता येतो. पीएच.डी.ला नाव नोंदवण्याआधी आपल्या विषयातले निदान तीन प्रबंध तिथे शेवटपर्यंत वाचा. मनातला विषय आधीच कुणी केला आहे का, तेही तिथेच कळेल.

पुढच्या भागात : पेट परीक्षा, मुलाखत आणि गाइड मिळवण्याची धावपळ.