अर्ध्या इंचाचा करारनामा

सोलापुरातील सायकल दुरुस्तीच्या एका जुन्या दुकानात मी परवा उभा असताना, तेथील वयोवृद्ध कारागिराने माझ्या पुतण्याच्या सायकलची साखळी उतरवली, चिंधीने पुसून भिंतीवरच्या खुंटीला टांगली आणि पोलादी फूटपट्टीचे शून्य तिच्या एका खिळ्याच्या बरोबर मध्यावर टेकवले. बारा इंचांच्या खुणेवर दुसऱ्या एका खिळ्याचा मध्य यावयास हवा होता. तो खुणेच्या पलीकडे सरकला होता. "अर्धं सूत वाढलीय साहेब, ही गेली आता," एवढेच ते बोलले. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा आणि अर्धे सूत म्हणजे सोळावा. साखळी अर्धे सूत वाढली तर ती एकटी बदलून भागते. पुरते एक सूत वाढेपर्यंत तीच चालवली, तर तिच्याबरोबर चक्रांचे दातेही झिजून जातात आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. साखळी वाढते असे आपण म्हणतो खरे, परंतु पोलाद काही रबरासारखे ताणले जात नाही. प्रत्येक खिळा ज्या भोकात फिरतो त्या जागी धातू कणाकणाने झिजतो आणि अनेक सांध्यांतील ती सूक्ष्म झीज एकत्र होऊन पट्टीवर अर्ध्या सुताच्या रूपाने प्रकट होते.

फूटपट्टीने साखळीची परीक्षा करता येते याचे कारण असे की, जगातील बहुतेक सर्व सायकलींच्या साखळ्यांत लगतच्या दोन खिळ्यांमधील अंतर एकच असते: अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. या साखळीच्या पूर्वेतिहासाचे आपल्या शहराच्या व्यवसायाशी जवळचे नाते आहे. १८७७ साली सोलापुरात, जिला लोक आजही 'जुनी गिरणी' म्हणतात, ती कापड गिरणी सुरू झाली. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी हॅन्स रेनोल्ड या स्वित्झर्लंडहून आलेल्या तरुण यंत्रज्ञाने मँचेस्टरलगतच्या सॉल्फर्ड गावी, कापडधंद्यातील यंत्रांना साखळ्या पुरवणारा एक छोटा कारखाना विकत घेतला, आणि १८८० साली तेथूनच आजच्या सायकलच्या साखळीची जननी असलेली रोलर साखळी जन्माला आली. गिरणीच्या भोंग्यावर कामाला निघालेला सोलापूरचा कामगार ज्या सायकलवर बसून जात असे, तिची साखळीही अशा रीतीने कापडाच्या यंत्रांच्याच कुळातली होती.

आता पुतण्याच्या सायकलकडे वळतो. ती डोंगरी बनावटीची, सव्वीस इंची चाकांची आणि पुढे तीन व मागे नऊ चक्रे असलेली आहे. तीन गुणिले नऊ म्हणजे सत्तावीस गिअर, असे विक्रेते सांगतात आणि घेणाऱ्यासही ते मोठे वैभव वाटते. परंतु कागद-पेन्सिल घेऊन बसले की या वैभवातील बराचसा भाग पुनरुक्तीचा असल्याचे ध्यानात येते. पुढच्या चक्रांचे दाते ४४, ३२ व २२. मागच्यांचे ११, १३, १५, १७, २०, २३, २६, ३० व ३४. पुढे ४४ आणि मागे ३० दाते असताना पायाच्या एका फेऱ्यात मागचे चाक जितके फिरते, नेमके तितकेच ते पुढे २२ आणि मागे १५ असतानाही फिरते. ४४ व २६ यांची जोडी २२ व १३ यांच्याशी, आणि ४४ व ३४ यांची जोडी २२ व १७ यांच्याशी तंतोतंत जुळते. शिवाय पुढचे मोठे व मागचे मोठे चक्र एकाच वेळी वापरले तर साखळी तिरपी ओढली जाऊन लवकर झिजते, म्हणून जाणकार त्या जोड्या टाळतातच.

या पुनरुक्तीसाठी जी किंमत मोजावी लागते, ती आमच्या भागात पावसाळ्यात दिसते. हिप्परग्याच्या तलावाकाठच्या काळ्या मातीच्या वाटेवरून ही सायकल परत येते, तेव्हा पुढच्या चक्रांवरून साखळी हलवणारा पिंजरा चिकट मातीने इतका बुजलेला असतो की तो हलतच नाही. आणि त्यातून खडकाळ उतारावर साखळी उडून पडते ती वेगळीच. म्हणून पुढे एकच चक्र ठेवावे आणि मागच्या चक्रांची व्याप्ती वाढवावी, हा विचार गेल्या दशकात जगभर रूढ झाला. अमेरिकेतील स्रॅम कंपनीने २०१२ साली पुढे एक व मागे अकरा चक्रांची योजना बाजारात आणली, तेव्हापासून डोंगरी सायकलींतून पुढची जादा चक्रे झपाट्याने नाहीशी होत गेली.

एका चक्रावर साखळी टिकते कशी, हे या योजनेतील मला सर्वांत मोहक वाटणारे अंग आहे. साखळी निरखून पाहा: तिच्यात एकाआड एक दोन प्रकारचे दुवे असतात, एकाच्या पट्ट्या आतल्या बाजूला व म्हणून पोकळी अरुंद, दुसऱ्याच्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला व पोकळी रुंद. शंभराहून अधिक वर्षे चक्राचे सर्व दाते अरुंद पोकळीच्या मापाने एकसारखे घडवले जात, त्यामुळे रुंद पोकळीत दाता सैल राही आणि धक्क्यासरशी साखळीला बाजूला सरकण्यास वाव मिळे. नव्या चक्रात एक दाता जाड व एक बारीक असा क्रम ठेवून प्रत्येक पोकळी तिच्या मापाच्या दात्याने भरली. हा क्रम फेऱ्यागणिक जुळावा म्हणून अशा चक्राच्या दात्यांची संख्या नेहमी समच असावी लागते, आणि साखळी चढवताना जाड दाता रुंद दुव्यातच बसवावा लागतो. याच्या जोडीला मागच्या चक्रांवरून साखळी हलवणाऱ्या डिरेलरच्या सांध्यात घर्षणाचा एक क्लच असतो, जो खाचखळग्यांत साखळीला सैल पडून आपटू देत नाही.

आता हिशेब पाहा. पुढे ३२ दात्यांचे एकच चेनव्हील आणि मागे ११ ते ४२ दात्यांची दहा चक्रांची कॅसेट घेतली, तर पायाच्या एका फेऱ्यात सर्वांत हलक्या गिअरवर सायकल सुमारे १.५८ मीटर आणि सर्वांत जड गिअरवर सुमारे ६ मीटर पुढे जाते. जुन्या मांडणीत हीच अंतरे १.३४ व ८.२८ मीटर होती. दोन्ही टोकांना काहीतरी गमावले आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तथापि मिनिटाला नव्वद फेरे मारले तर सहा मीटरांच्या गिअरवरही ताशी ३२ किलोमीटरांचा वेग येतो आणि आमच्या सपाट, उन्हाने तापलेल्या माळावर डोंगरी टायरांच्या सायकलला याहून अधिक वेगाची गरज क्वचितच पडते. चढण म्हणावी तर ती तुळजापूरच्या घाटाची, तेथे १.५८ मीटरांचा गिअर तरुण पायांना पुरतो, प्रौढांनी मात्र पुढचे चेनव्हील ३० दात्यांचे घ्यावे, असे माझे मत आहे.

खरा पेच येथून पुढे सुरू होतो. नवी सायकल घेण्यापेक्षा जुनीतच वेगवेगळ्या कारखान्यांचे आणि वेगवेगळ्या पिढ्यांचे भाग जमवून हा बदल करावा, असे कोणालाही वाटेल. आणि तो करता येतो, कारण काही मोजमापांच्या बाबतीत कारखानदारांमध्ये जणू एक अलिखित करारनामा आहे. अर्ध्या इंचाचे अंतर हे त्या करारनाम्याचे पहिले कलम. क्रँकवर चेनव्हील ज्या चार बोल्टांनी बसते, त्यांच्या वर्तुळाचा १०४ मिलिमीटरांचा व्यास हे दुसरे, जे सर्वमान्य नसले तरी कैक वर्षे अनेकांनी पाळले. या सायकलच्या क्रँकचे मापही तेच असल्याने नवे चेनव्हील परक्या नाममुद्रेचे असूनही मधल्या चक्राच्या जागी निमूटपणे बसले. फक्त बोल्ट आखूड घ्यावे लागले, कारण दोन चक्रे एकत्र आवळण्याचे लांब बोल्ट एकाच चक्रावर वापरले तर ते तळाला टेकतात आणि चक्र डगमगतच राहते. मागच्या बाजूस, आठ, नऊ आणि दहा चक्रांच्या प्रचलित डोंगरी कॅसेट एकाच खाचांच्या फ्रीहबवर चढतात. मात्र स्वस्त सायकलींत कॅसेट नसते, आट्यांवर फिरवून घट्ट केलेले फ्रीव्हील असते; तेथे ही कॅसेट चढत नाही आणि हब बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही, हे खरेदीपूर्वीच पाहून घ्यावे.

करारनाम्याबाहेरचे मोजमाप मात्र डोळ्यांना दिसत नाही. हँडलवरचा शिफ्टर एका खटक्याला गिअरची तार ठरावीक अंतर ओढतो. डिरेलर त्या अंतराला आपल्या रचनेतील एका गुणकाने गुणून तेवढा सरकतो. आणि तो गुणाकार मागच्या दोन चक्रांमधील अंतराइतका आला, तरच साखळी नेमकी शेजारच्या चक्रावर उतरते. जपानच्या शिमानो कंपनीच्या नऊ चक्रांच्या डोंगरी मांडणीत तार सुमारे २.५ मिलिमीटर ओढली जाते आणि गुणक १.७ आहे, गुणाकार ४.२५, चक्रांमधील अंतर सुमारे ४.३५, म्हणजे मेळ बसला. दहा चक्रांच्या डोंगरी मांडणीत कंपनीने तार अधिक, सुमारे ३.४ मिलिमीटर, ओढण्याचे आणि गुणक १.२ वर आणण्याचे ठरवले. तार अधिक ओढली जात असल्याने चिखलाने किंवा घर्षणाने पडणारा फरक त्या मानाने लहान ठरतो, म्हणून हा बदल सयुक्तिकच होता. परंतु जुना नऊचा शिफ्टर ठेवून त्याला दहाचा डिरेलर जोडला, तर २.५ गुणिले १.२, म्हणजे अवघे ३ मिलिमीटर हाती येतात. प्रत्येक खटक्याला सव्वा मिलिमीटरहून अधिक तूट पडते आणि तीन खटक्यांत डिरेलर जवळजवळ एका पूर्ण चक्राने मागे पडतो. दोन्ही भाग नवेकोरे, दोन्ही निर्दोष, तरीही त्यांचा संसार जमत नाही. म्हणून माझा स्पष्ट अभिप्राय असा की चेनव्हील, क्रँक आणि साखळी यांत कारखान्यांची सरमिसळ खुशाल करावी, परंतु शिफ्टर व डिरेलर एकाच पिढीचे घ्यावेत आणि कॅसेट व साखळी त्यांच्या चक्रसंख्येनुसार निवडावी. कारण नऊच्या साखळीची बाहेरची रुंदी सुमारे ६.६ मिलिमीटर आणि दहाच्या साखळीची ५.९, म्हणून नऊची साखळी दहाच्या दाट चक्रांत शेजारच्या चक्राला घासते.

दात्यांच्या या गणिताची सोलापूरला नवलाई वाटू नये. यंत्रमागावर कापड गुंडाळणाऱ्या रुळाची गती ज्या चक्रांच्या मालिकेने ठरते, तिच्यातील एक चक्र काढून वेगळ्या दात्यांचे बसवले की इंचात बसणाऱ्या आडव्या धाग्यांची संख्या बदलते. चादरीचा पोत घट्ट की विरळ हे अशा चक्रावर ठरते, आणि ज्याने आयुष्यभर ते चक्र बदलले, त्याला ४४ भागिले ३० म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नसते. दुकानातले ते वृद्ध कारागीर तरुणपणी गिरणीत जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाताखाली होते, हे मला मागाहून कळले.

टायरच्या कडेवर आज ५५९ हा आकडा ठळक उमटलेला असतो आणि तो वाचून कोणीही सव्वीस इंची डोंगरी रिमचा टायर निःशंकपणे विकत घेतो. शिफ्टरवर तारेच्या ओढीचा आणि डिरेलरवर त्याच्या गुणकाचा आकडाही असाच छापला जावा, अशी कारखानदारांना माझी आग्रहाची विनंती आहे. दोन लहान आकड्यांनी हजारो जुन्या सायकली भंगारात जाण्यापासून वाचतील. आणि तसे होईपर्यंत वाचकांनी नवा भाग आणण्यासाठी निघताना जुना भाग पिशवीत घालून बरोबर न्यावा.