शेणातला हायड्रोजन

आपल्या बीड जिल्ह्यात ट्रॅक्टर आले, तरी दावणीला जनावर आहे अशी घरे अजून गावोगाव आहेत. जनावर आले की शेण आले. त्याच्या गोवऱ्या थापतात, नाहीतर ते उकिरड्यावर जाते. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपण म्हणतो. ते कसे फिटतील, याचा शोध आता विद्यापीठांत चालू आहे. शेणापासून हायड्रोजन नावाचा वायू काढण्यावर मुले-मुली पीएच.डी. करीत आहेत. पीएच.डी. ही विद्यापीठाची फार मोठी पदवी. तिच्यासाठी एकाच प्रश्नावर काही वर्षे खपावे लागते आणि पूर्वी कोणाला ठाऊक नव्हते असे काही शोधून दाखवावे लागते.

हायड्रोजन म्हणजे काय?

हा वायू डोळ्यांना दिसत नाही. त्याला वास नाही. सगळ्या वायूंत तो हलका. तो जळला की धूर होत नाही, पाण्याची वाफ होते. एक किलो पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट उष्णता एक किलो हायड्रोजनात असते. २०२२ साली पुण्यात हायड्रोजनवर चालणारी बस लोकांपुढे आणली गेली.

शेतकऱ्याचा तर त्याच्याशी रोजचा संबंध आहे. युरिया करण्याआधी अमोनिया करावा लागतो, आणि अमोनियाला हायड्रोजन लागतो. अलिबागजवळ थळ येथे खताचा मोठा कारखाना आहे. तेथे हा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढतात. नैसर्गिक वायू जमिनीच्या पोटातून निघतो. आपल्या देशाला तो बराचसा बाहेरून विकत आणावा लागतो. शेण मात्र रोज पडते. म्हणून विद्वानांचे लक्ष शेणाकडे गेले.

टाकीतल्या दोन टोळ्या

गोबरगॅस आपल्याला माहीत आहे. टाकीत शेण आणि तितकेच पाणी कालवून टाकतात. आत हवा नसते. तेथे डोळ्यांना न दिसणारे जंतू काम करतात. दुधात विरजण काम करते, तसेच हे.

या जंतूंच्या दोन टोळ्या आहेत असे समजा. ऊसतोडीत एक जण ऊस तोडतो, दुसरा मोळी बांधतो. तसेच येथे आहे. पहिली टोळी शेणातला चाऱ्याचा अंश फोडते. त्यातून हायड्रोजन निघतो आणि एक आंबट रस तयार होतो. दुसरी टोळी हे दोन्ही लगेच खाऊन टाकते आणि त्याचा मिथेन करते. चुलीवर जळतो तो हा मिथेन. म्हणजे गोबरगॅसच्या टाकीत हायड्रोजन रोजच तयार होतो, पण आपल्या हाती लागत नाही.

मग दुसऱ्या टोळीला थांबवायचे कसे? संशोधकांनी युक्ती काढली. विरजणासाठी घेतलेले शेण ते चांगले तापवतात. दुसऱ्या टोळीला ही उष्णता सोसत नाही. पहिल्या टोळीतले काही जंतू मात्र बी कवचात राहावे तसे तग धरतात आणि गार झाल्यावर पुन्हा कामाला लागतात. शिवाय टाकीतले पाणी थोडे आंबट ठेवतात, म्हणजे दुसरी टोळी पुन्हा वाढत नाही.

अडचण कोठे आहे?

साखरेतून जेवढा हायड्रोजन निघू शकतो, त्याचा फार तर तिसरा हिस्सा या रीतीने मिळतो. बहुधा त्याहूनही कमी. बाकीचा कस त्या आंबट रसातच राहतो. दुसरे असे, की चाऱ्यातला कस बैलाने आधीच घेतलेला असतो. शेणातून हायड्रोजन काढणे म्हणजे चिपाडातून पुन्हा रस काढण्यासारखे आहे. म्हणून शेणात काड, खराब चारा किंवा उसाची मळी मिसळून पाहतात.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने यावर चांगली वाट काढली. त्यांनी शेण नव्हे, तर भात, गहू, मका यांचे काड घेतले. रीत मात्र आपल्या टाकीच्या जवळची आहे. पहिल्या टप्प्यात जंतूंकडून हायड्रोजन काढायचा. उरलेल्या रसापासून दुसऱ्या टप्प्यात मिथेन काढायचा. त्यामुळे रसातला कस वाया जात नाही.

आपल्या जिल्ह्याला याचा काय उपयोग?

टाकी ही दुभत्या म्हशीसारखी आहे. तिला रोज खायला घालावे लागते. पाच माणसांच्या स्वयंपाकाला पुरणाऱ्या गोबरगॅसला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तितकेच लिटर पाणी लागते. म्हणजे चार-पाच जनावरे हवीत. आपल्याकडची हजारो कुटुंबे बैलांसह पाच-सहा महिने ऊसतोडीला जातात. मग घरची टाकी उपाशी राहते, आणि उन्हाळ्यात पाणी मिळत नाही.

परंतु ज्या कारखान्यावर ती जातात, तेथे शेकडो बैल एका जागी असतात. शेजारीच उसाची मळी असते. शेणातले जंतू आणि मळीतली साखर, दोन्ही तेथे हजर. २०१९ च्या दुष्काळात जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या, तेव्हाही जनावरे अशीच एकत्र होती. हायड्रोजन हलका, त्याला साठवायला मोठा दाब आणि मजबूत टाकी लागते. तो वास न येता गळतो, आणि ठिणगी लागली तर भडकतो. म्हणून हे काम घरोघरी करण्याचे नव्हे. ते कारखान्याचे किंवा सहकारी संस्थेचे, जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली करण्याचे आहे. तसे झाले तर तोडणी कामगाराने एक प्रश्न जरूर विचारावा : शेण माझ्या बैलाचे, मग त्याचे पैसे कोणाला?

तोवर काय करावे? घरी चार जनावरे असतील आणि पाणी असेल, तर गोबरगॅस करावा. चूल धुरावाचून पेटते, आणि टाकीतून बाहेर पडणारा काला शेताला उत्तम खत होतो. गोवरी जाळली की राख उरते, शेणातले नत्र धुरात जाते. टाकीत मात्र ते टिकते.

आणि कोणी गावात येऊन म्हणाला, 'घरी हायड्रोजनची टाकी बसवून देतो, आगाऊ पैसे द्या,' तर त्याला विचारा, 'अशी चालू टाकी कोठे आहे? आधी दाखव.' ती पाहिल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका. आता तुम्हाला वाचता येते. कागद आधी वाचा.