विश्लेषण : छतावर सोलर बसले, पण घरातील वीज बोर्डाचे काय?

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घरगुती सौर प्रकल्पाला कमाल ७८ हजार रुपये अनुदान मिळते. पुण्यात बंगल्यांवर, सोसायट्यांच्या गच्चीवर पॅनेल दिसू लागली आहेत. मात्र ही वीज घरातील ज्या डीबीत, म्हणजे एमसीबीच्या पेटीत येते, तिची क्षमता क्वचितच तपासली जाते.

मेन एमसीबी पुरेसा का नाही?

एरवी डीबीत वीज एकाच वाटेने, मेन एमसीबीतून येते. तो ४० अँपिअरचा असेल, तर भार त्यापुढे गेल्यावर तो पडतो आणि आतील तांब्याची पट्टी, म्हणजे बसबार सुरक्षित राहतो. सोलर जोडल्यावर वीज दोन वाटांनी येते. २३० व्होल्टला ५ किलोवॉटचा प्रकल्प सुमारे २२ अँपिअर देतो. भर दुपारी बरीच मोठी उपकरणे एकदम चालली, तर डीबीतून ६२ अँपिअरपर्यंत प्रवाह जाऊ शकतो. मेनला मात्र आपल्या वाट्याचे ४० अँपिअरच दिसतात. तो पडत नाही. बसबार किंवा जुनी जोडणी तेवढ्या क्षमतेची नसेल, तर ती तापते. आगीचा धोका इथे असतो.

हिशेब कसा करावा?

मेन आणि सोलर या दोन्ही एमसीबींची बेरीज बसबारच्या क्षमतेपेक्षा जास्त नसावी, हा सोपा आणि सुरक्षित हिशेब. ५ किलोवॉटसाठी ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला, तर ४० अधिक ३२ म्हणजे ७२. बसबार ६३ अँपिअरचा असेल, तर हा हिशेब बसत नाही. अशा वेळी मोठी डीबी घ्यावी किंवा सोलरची जोडणी डीबीत न करता मीटर आणि मेन यांच्या मध्ये स्वतंत्र संरक्षणासह करावी. काही आरसीसीबींना उलट्या दिशेने येणारा पुरवठा चालत नाही, हेही पाहावे.

नियम काय सांगतात?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार बाहेरची वीज गेल्यास सोलरने दोन सेकंदांत वीज देणे थांबवले पाहिजे. शिवाय, बंद स्थितीत कुलूप लावता येईल आणि वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांना चोवीस तास गाठता येईल, असा हाताने चालवायचा स्विच हवा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव यावर अवलंबून असतो. म्हणूनच बॅटरी नसलेला सोलर वीज गेल्यावर भर उन्हातही बंद पडतो. तो बिघाड नव्हे.

मंजुरी मिळाली म्हणजे झाले?

नाही. २०२४ च्या दुरुस्तीनंतर १० किलोवॉटपर्यंतचे अर्ज तांत्रिक व्यवहार्यता न तपासता मंजूर मानले जातात. ही सवलत महावितरणच्या वाहिन्यांपुरती आहे. घरातील डीबीची खात्री त्यातून होत नाही. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी कंत्राटदाराकडून जोडणीचा आराखडा लेखी घ्यावा. त्यात बसबारची क्षमता, दोन्ही एमसीबींचे अँपिअर, अर्थिंग आणि जोडणीची जागा नमूद असावी. जुना बोर्ड बदलायचा असेल, तर तो खर्चही त्याच अंदाजपत्रकात मागावा.