हेवी मेटल 'आपलं' कसं काय? डॉक्युमेंटरी, तंबोरा आणि भजनाची पेटी

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा एपिसोड हेडफोन लावून ऐका, कारण विषयच तसा आहे. हेवी मेटल.

बुलढाणा जिल्ह्यात राहून मेटल ऐकणाऱ्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले जातात. पहिला घरातून येतो, "हे गाणं हाय का मिक्सर चालू हाय?" दुसरा मित्रांकडून येतो, "आपल्याकडं गाणे नाहीत काय, तर तू हे इंग्रजांचं ऐकतं?" पहिला प्रश्न आवाजाचा आहे आणि त्याचं उत्तर देता येतं. दुसरा जास्त टोचतो. त्यात आपण दुसऱ्याच्या घरात घुसलोय असं कुणीतरी आपल्याला सांगत असतं.

या दोन्ही प्रश्नांवर एका माणसाने चक्क सिनेमे काढले. आज त्या सिनेमांबद्दल बोलू, आणि त्यात नसलेली आपल्याकडची थोडी भरही घालू.

हा माणूस कोण?

नाव सॅम डन. कॅनडाचा. शिक्षण मानववंशशास्त्राचं, म्हणजे लोक कसे राहतात, काय मानतात, एकत्र का येतात याचा अभ्यास. त्याने ग्वाटेमालाच्या निर्वासितांवर काम केलं होतं. पण तो पोरवयापासून मेटलवेडा. मग त्याच्या डोक्यात आलं, की आपण बाकीच्या समाजांचा अभ्यास करतो, तर आपल्याच जमातीचा का नाही?

त्यातून २००५ साली 'मेटल: अ हेडबँगर्स जर्नी' ही डॉक्युमेंटरी आली. स्कॉट मॅकफेडन त्याचा जोडीदार. पुढे २००८ मध्ये या दोघांनी 'ग्लोबल मेटल' काढली. तिच्यात ते ब्राझील, जपान, चीन, इंडोनेशिया, इस्रायल अशा ठिकाणी जातात. आणि भारतातही येतात, मुंबईला.

पहिली फिल्म विचारते, मेटलचा लोक एवढा तिरस्कार का करतात? दुसरी विचारते, जिथे ते जन्मलं नाही तिथल्या लोकांनी ते एवढं जवळ का केलं? आपल्या कामाचा प्रश्न दुसरा. पण आधी मिक्सरवाला मिटवून टाकू.

तो 'गोंगाट' नेमका काय असतो?

मी इंजिनिअर, त्यामुळे हा भाग मला आवडतो. कंटाळा आला तर दोन मिनिटं पुढे ढकला, मी रागावणार नाही.

इलेक्ट्रिक गिटारची तार छेडली की एक गोलसर लाट तयार होते, वर-खाली, वर-खाली. ती लाट अॅम्प्लिफायरच्या ताकदीबाहेर मोठी केली, की तिचे शेंडे वर-खाली दोन्हीकडून कापले जातात. याला म्हणतात क्लिपिंग. शेंडा कापलेल्या लाटेत मूळ सुराशिवाय त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट फ्रिक्वेन्सीचे सूर वाढतात. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झला वाजते. डिस्टॉर्शन दिलं की १६४, २४६, ३२८ अशी सगळी बिऱ्हाडं जोरात बोलायला लागतात. म्हणून तो सूर जाड आणि खरखरीत लागतो.

आता मेटलवाले सारखा जो कॉर्ड वाजवतात, ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात, त्यात सूर किती? दोनच. सा आणि प. समजा सा १०० हर्ट्झला आहे, तर प १५० ला. डिस्टॉर्शनमध्ये दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे सूरही निघतात. १५० वजा १०० म्हणजे ५०. हा कोण? खालच्या सप्तकातला सा! तो कुणी वाजवलेलाच नाही, तरी ऐकू येतो. पॉवर कॉर्ड छातीवर आदळतो त्यात या न वाजवलेल्या सा चा मोठा हात आहे. त्यात गंधार घातला तर बेरजा-वजाबाक्यांची गिचमिड होते, म्हणून तो बहुतेक वेळा गाळतात.

आता तंबोरा आठवा. तार बहुतेक वेळा कशात लावतात? प आणि सा. आणि घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात, ती कशासाठी? तार घोडीला निसटती घासावी, तिच्यातले वरचे सूर जागे व्हावेत आणि आवाज झणझणीत व्हावा म्हणून. दोन्हीची यंत्रणा वेगळी आहे, मान्य. पण साध्या स्वच्छ सुरावर समाधान नाही, त्याच्या पोटातले बाकीचे सूर बाहेर काढायचे, ही हौस एकच आहे.

मग आईला तो मिक्सर का वाटतो? एक कारण तुमच्या हातात आहे. मोबाईलचा स्पीकर एवढासा, खालचे सूर त्याला झेपतच नाहीत. बास गिटारची जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास असते, ती गायब. राहते वरची खरखर आणि झांजा. तिने खरंच अर्धंच गाणं ऐकलेलं असतं. एकदा चांगला हेडफोन देऊन बघा. आवडेलच असं नाही, पण तक्रार तरी पूर्ण गाण्याची असेल.

सैतानाचा सूर, आणि आपला यमन

पहिल्या फिल्ममध्ये एक मजेशीर भाग आहे. मेटल भीतीदायक का वाटतं? तर त्यातल्या एका सुरांच्या जोडीमुळे. जुन्या युरोपात तिला लॅटिनमध्ये 'संगीतातला सैतान' असं नाव पडलं होतं. चर्चने तिच्यावर बंदी घातली होती असं सर्रास सांगतात, पण अशा बंदीचा पुरावा सापडत नाही. गाताना ती जोडी टाळायचे, एवढं खरं.

१३ फेब्रुवारी १९७० ला 'ब्लॅक सॅबथ' या बँडचा पहिला अल्बम आला आणि त्याचं पहिलंच गाणं याच जोडीवर उभं होतं. बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातली ही पोरं. गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वयाच्या १७ व्या वर्षी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे तारा सैल करून सूरही खाली आणला. मेटलचा तो जड, खोल आवाज एका कामगाराच्या अपघातातून मार्ग काढताना घडत गेला.

तर ती सैतानी जोडी कोणती? सा आणि तीव्र मध्यम.

हो, तोच. यमनमधला. संध्याकाळी क्लासला जाणारी पोरं पहिल्या काही रागांमध्ये जो शिकतात, तो राग. युरोपला ज्या अंतराची धास्ती, त्यावर आपण दिवेलागणीचा सगळ्यात शांत राग बांधला. फरक वागवण्यात आहे. यमनमध्ये तीव्र मध्यम पंचमाच्या ओढीने पुढे जातो. सॅबथ त्याला तिथेच लटकत ठेवतात, घरी जाऊ देत नाहीत. म्हणजे सूर स्वतः भुताचा नसतो, देवाचाही नसतो. कोण, कुठे, कशासाठी लावतं त्यावर सगळं आहे.

'इंग्रजांचं' म्हणजे कुणाचं?

आता दुसरा प्रश्न. 'आपल्याकडचं' म्हणजे काय?

गावातल्या कोणत्याही भजनी मंडळात जा. मधोमध काय असतं? पेटी. हार्मोनियम. हे वाद्य एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलं. यावर मींड निघत नाही, हे आपल्या संगीताचं वाद्यच नाही, असं म्हणत आकाशवाणीने १९४० मध्ये त्यावर बंदी घातली. ती उठायला १९७१ साल लागलं. तीसेक वर्षं रेडिओ म्हणत होता 'परकं', आणि देवळात पेटीशिवाय भजन सुरू होत नव्हतं. शेवटी कोण जिंकलं? वाजवणारे जिंकले.

'ग्लोबल मेटल'मधून मला हेच दिसलं. ब्राझीलमध्ये लष्करी राजवट १९८५ ला संपली, त्याच सुमाराला तिथली पोरं कॅसेटी एकमेकांना पाठवून मेटल ऐकत होती. त्यातून 'सेपल्तुरा' हा बँड उभा राहिला आणि १९९६ च्या 'रूट्स' अल्बममध्ये त्यांनी तिथल्या शावांते आदिवासींसोबत रेकॉर्डिंग केलं. आणलेलं संगीत त्यांनी आपल्या मातीत रुजवलं.

मुंबईतही तेच झालं. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' भरायला लागलं. त्याचं गाजलेलं ठिकाण म्हणजे धोबी तलावचं रंगभवन, उघडं थिएटर. आजूबाजूला कॉलेज, हॉस्पिटलं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांमध्ये हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र आलं आणि पुढे रंगभवनचा आवाज बंद झाला. पेशंटची झोप महत्त्वाचीच, त्यावर वाद नाही. पण एका पिढीच्या पायाखालची जागा गेली, हेही खरं.

तरी पोरं थांबली नाहीत. 'डेमॉनिक रिझरेक्शन' हा मुंबईचा बँड २००० साली सुरू झालेला. २०१७ मध्ये त्यांनी 'दशावतार' नावाचा अल्बम काढला, विष्णूच्या अवतारांवर. मत्स्यापासून कल्कीपर्यंत, डिस्टॉर्शनसकट. आता सांगा, हे कुणाचं?

मुंबईहून सुटलेलं विमान

आयर्न मेडन हा ब्रिटिश बँड भारतात पहिल्यांदा वाजला १७ मार्च २००७ ला, बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर. पुढच्याच वर्षी त्यांनी भन्नाट बेत केला. एक बोईंग ७५७ घेतलं, त्यात बँड, कामगार आणि सगळं सामान भरलं आणि जगभर निघाले. विमान चालवणारा कोण? गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः. तो परवानाधारक पायलट. ४५ दिवसांत २३ कार्यक्रम.

आणि पहिला कार्यक्रम कुठे? मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात, १ फेब्रुवारी २००८. डन आणि मॅकफेडन कॅमेरे घेऊन सोबत होतेच. त्यातून २००९ ला 'फ्लाइट ६६६' ही फिल्म आली.

या फिल्ममध्ये कॅमेरा स्टेजइतकाच प्रेक्षकांकडे असतो. कोलंबियात एका फॅनच्या हाती ड्रमरची काठी लागते आणि तो नुसता रडत उभा राहतो. ब्राझीलमध्ये एक ख्रिस्ती धर्मोपदेशक भेटतात, अंगभर मेडनचे टॅटू. 'हे सैतानाचं संगीत' म्हणणाऱ्यांनी तो भाग बघाच.

मलकापूर स्टेशनपासून मुंबई साधारण ५०० किलोमीटर. खामगाव-चिखलीच्या पोराला तिकीट, प्रवास, राहणं धरून एक कॉन्सर्ट म्हणजे महिन्याचं बजेट. म्हणून आपल्यासाठी या फिल्मचं मोल वेगळं आहे. तिच्यात गर्दी दिसते. बोगोटात कुणीतरी तेच गाणं चुकीच्या उच्चारात, पण पूर्ण पाठ म्हणतंय, हे दिसतं. गावात एकटा असलेला माणूस जगात एकटा नाही, याचा तो पुरावा आहे.

घरच्यांची भीती

ही भीती नुसती हसण्यावारी नेऊ नका. नॉर्वेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चर्च जाळली गेली, त्यात मेटलचे काही कलाकार दोषी ठरले. पहिली फिल्म ते लपवत नाही, तिथे जाऊन त्या लोकांशी बोलते. दुसरीकडे १९८५ मध्ये अमेरिकेच्या सिनेटसमोर सुनावणी झाली, गाण्यांनी पोरं बिघडतात का यावर. तिथे 'ट्विस्टेड सिस्टर'चा डी स्नायडर केस मोकळे सोडून आला आणि प्रत्येक आरोपाला मुद्देसूद उत्तर देऊन गेला.

यातून धडा साधा आहे. काळा टीशर्ट बघून माणूस ठरवू नका. आणि आपण ऐकतो त्या बँडने काही वाईट केलं असेल, तर 'संगीत वेगळं' म्हणून डोळेही मिटू नका. घरच्यांनी विचारलं तर चिडण्यापेक्षा गाण्याचा अर्थ सांगा. बरीच गाणी युद्धावर, मरणावर, एकटेपणावर असतात. अभंगांतही मरण येतंच की.

जाता जाता

सुरुवात करायची तर आधी 'हेडबँगर्स जर्नी', मग 'ग्लोबल मेटल', मग 'फ्लाइट ६६६'. या क्रमाने बघा.

आणि कान सांभाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतं, पण ९० ला फक्त ४ तास. मेटलची ताकद त्या न वाजवलेल्या खालच्या सा मध्ये आहे, व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेण्यात नाही.

राहिला तो टोचणारा प्रश्न. 'हे आपलं आहे का?' कुणी विचारलं तर त्याला भजनातली पेटी दाखवा, आणि तिचं गाव कोणतं ते विचारा.

पुढच्या एपिसोडला भेटू. तोवर ऐकत राहा, आणि शेजारच्यांची झोप मोडू नका.