राजकारण, जादू आणि जळालेला ग्रंथ: आपल्या मराठवाड्यातलीच गोष्ट

देवणीच्या वाचकमित्रांनो, दरबारी डावपेच आणि हरवलेली जादू असलेल्या जाडजूड कादंबऱ्या आवडत असतील, तर ‘कथासरित्सागर’ हाती घ्याच. काश्मीरच्या सोमदेवाने 11व्या शतकात राणी सूर्यमतीसाठी तो रचला. पण त्याचं मूळ पैठणच्या सातवाहन दरबारात सांगितलं जातं.

कथा अशी: संस्कृत येत नाही म्हणून राणीसमोर राजाची फजिती होते. दरबारातला मंत्री गुणाढ्य म्हणतो, ‘सहा वर्षांत शिकवतो.’ दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणतो, ‘सहा महिन्यांत!’ यावर पैज लागते; गुणाढ्य ती हरतो, दरबार सोडतो आणि विंध्याच्या रानात स्वतःच्या रक्ताने पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ लिहितो. राजा ती झिडकारतो. मग गुणाढ्य पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवत आगीत टाकतो. राजा धावत येतो, तोवर लाखच श्लोक उरलेले असतात.

मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही. तिच्यावर आधारलेल्या सोमदेवाच्या ग्रंथाच्या 18 लंबकांत (भागांत) मात्र मंत्री, हेर, विद्याधर, वेताळ सगळे भेटतात. कपट आणि व्यभिचारही भरपूर, त्यामुळे पोराटोरांचं पुस्तक समजू नका. ह. अ. भावे यांचा मराठी अनुवाद आहे. सुरुवात ‘कथापीठ’ या पहिल्या लंबकापासून करा. गोष्टीत गोष्ट निघते, म्हणून नावं वहीत टिपत चला.